पायाळूची लाथ

वाळ्याचा ओला वास आला की माझी कंबर आपोआप ताठ होते. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, नागपुरात, खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर बादलीनं पाणी मारताना ती धरली, ती सुटेचना. सासूबाईंना ते सोंग वाटायचं. त्यांनी शेजारची पायाळू बाई बोलावली. जन्मताना पाय आधी आलेल्या माणसाची लाथ बसली की खरी उसण जातेच, अशी त्यांची खात्री. म्हणजे नाही गेली तर मी खोटी. बाईनं कमरेत हलकेच लाथ मारली. सासूबाई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. “गेली काय वं?” “गेली,” मी म्हणाले. “मंग भर बादली.” कंबर आजही दुखते. कशी आहे, असं कुणी मायेनं विचारलं तरी मी आधी आसपास बादली शोधते.