भिमामामांच्या जाहिराती

आमच्या निमोण्यात टीव्हीवर साबण दिसला की पोरं 'ॲड लागली' म्हणत पाणी प्यायला उठायची. सिनेमाची जीप भोंगा लावून फिरली, तर तो पुकारा. खतवाल्यांनी भिंतीवर रंगवलेला तो बोर्ड. 'जाहिरात' हा शब्द मात्र विहाराच्या आळीत एकाच गोष्टीसाठी राखलेला होता. 'जाहिरात निघाली का?' म्हणजे कुठं जागा भरायच्यात का.

हा सगळा कारभार भिमामामांकडं होता. भिमा साळवे, बारावी पास, रांजणगावच्या कारखान्यात ठेकेदाराकडं हेल्पर. कामावरून येताना ते स्टँडवरच्या टपरीतून दोन पेपर आणत. विहाराशेजारच्या खोलीत बसून आधी नोकरीच्या जाहिराती कापत, कणकेच्या खळीनं फळीवर चिकटवत, शेवटच्या तारखेभोवती लाल गोल काढत. मगच पेपर आम्हाला वाचायला मिळे. पानात चौकोनी भोकं असायची. मागच्या बाजूचा क्रिकेटचा सामना कुणी जिंकला ते कित्येकदा त्या भोकात गेलेलं असे. कुणी कुरकुर केली तर मामा म्हणत, "भरती हो, मग तुझा तू इकत घे पेपर."

त्या फळीवरून दहा-बारा वर्षांत वीसेक जण लागले. कुणी पोलिसात, कुणी एसटीत. मी वायरमन झालो तोही तिथूनच. जो लागला तो शिरूरला, दौंडला, पुण्याला गेला. मामाही अर्ज भरत. एकदा छाती कमी भरली, एकदा दोन मार्क कमी पडले. त्यांची आई, तानुबाई, म्हणायची, नोकरी लागली की मुलगी बघू. ती गेली तरी मुलगी बघायची राहिलीच. मामा एकट्याचा स्वयंपाक करून एकट्याचा डबा भरत.

दोन हजार तीन साली फळी वाचायला एकटी करुणा उरली होती. कुशाबाईची मुलगी, बीए झालेली. रोज संध्याकाळी यायची, फळीवर बोट फिरवून वाचायची, दोन शब्द बोलायची. मामांच्या दिवसातलं तेवढंच बोलणं.

त्या फेब्रुवारीत दौंडच्या एका कॉलेजची जाहिरात आली. ग्रंथालय परिचर, अनुसूचित जातीसाठी एक जागा, शिक्षण बारावी. मामा वयाच्या अटीत जेमतेम बसत होते. पुढच्या जाहिरातीपर्यंत ते बाद होणार होते. त्यांनी ती कापली, खळीचा डबा उघडला, आणि पुन्हा बंद केला. कागद खिशात घातला.

करुणा आली. "मामा, काही निघालं का?"

"न्हाई."

तिनं पेपर उघडला. आतल्या पानाला भोक होतं. तिनं त्यातून फळीकडं पाहिलं. फळीवर नवं काही नव्हतं.

"मग हितलं कुठं गेलं?"

"ते व्हय? पाककृती होती. वांग्याची."

"तुम्ही वांगं खात न्हाई की मामा," ती म्हणाली आणि पेपर नीट घडी घालून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मामांनी अर्ज टपालात टाकला होता. हे कुणाला तरी सांगावं असं वाटत होतं, आणि जिला सांगायचं तिच्यापासूनच लपवलं होतं. खोलीत बसून त्यांनी दोन्ही पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

चौथ्या दिवशी ते कुशाबाईच्या दारात गेले. जाहिरात खिशात राहून घामानं मऊ पडली होती.

"परवा शेवटची तारीख हाय. उद्या हातोहात नेऊन दे," ते करुणाला म्हणाले.

तिनं वाचली. "तुम्ही भरलाय?"

"भरलाय."

"एकच जागा हाय मामा."

"वाचता येतं मला."

कुशाबाई आतून म्हणाली, "भिमाभाऊ, उंबऱ्यात काय उभं राहिलाय, बसा की." ते बसले नाहीत.

मुलाखतीला दोघं एकाच जीपनं न्हावऱ्यावरून दौंडला गेले. करुणाला पुस्तकांची वर्गवारी विचारली. मामांचा अर्ज पाहून साहेबांनी विचारलं, "बारावी होऊन इतकी वर्षं झाली. काय करत होता?"

मामा मला नंतर सांगत होते, "मी म्हणलं, कंपनीत हेल्पर होतो. दुसरं काय सांगणार? पेपर कापत होतो म्हणू?"

महिनाभरानं पत्र आलं ते करुणाला. मामांनीच ते कुशाबाईला वाचून दाखवलं, 'रुजू व्हावे' हे दोनदा. पेढे त्यांनी हातात घेतले, खाल्ले, चांगले आहेत म्हणाले.

मी त्यांना एकदा विचारलं, तुम्ही सांगितलंच नसतं तर? "तर मला लागली असती, असं काय न्हाई," ते म्हणाले. "पण लागलीच नसती, असंबी न्हाई. आता ते कळायचं न्हाई."

रुजू व्हायच्या दिवशी कुशाबाईला ताप होता, म्हणून करुणाला सोडायला मामा गेले. तिची पत्र्याची पेटी भाड्याच्या खोलीत ठेवली, नळाला पाणी येतं का पाहिलं, दाराची कडी दोनदा लावून बघितली. ती म्हणाली, "जेवून जा मामा." ते म्हणाले, "जीप जाईल."

जीप गेली नव्हती. दहा माणसं भरल्याशिवाय ती सुटणार नव्हती. मामा मागच्या बाकावर जाऊन बसले. ड्रायव्हर बाहेर तंबाखू मळत होता.

"लेकीला सोडायला आला होता व्हय आबा?"

आबा म्हणण्याइतकं त्यांचं वय नव्हतं. "शेजारची," मामा म्हणाले.

"किती वेळ लागंल काय सांगता येत न्हाई. बसा निवांत. तुम्ही पहिलंच हाय."

मामांनी समोरच्या रिकाम्या बाकाकडं पाहिलं आणि पाय थोडे पसरले.