आधी निरोप, मग मुलाखत

आमच्या भागात सत्कार होण्यासाठी माणसाने काही केलेलं असावं लागत नाही. तो काहीतरी करणार आहे, एवढी कुणकुण पुरते.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका हायस्कुलात मी इंग्रजी शिकवत होतो. समुद्रातल्या कुठल्याशा बेटांच्या देशाला इंग्रजीचे शिक्षक हवेत, अशी जाहिरात पेपरात आली आणि मी बायकोलाही न सांगता अर्ज टाकला. दिवाळीनंतर मुलाखतीचं बोलावणं आलं. पाकिटावर परदेशी तिकीट होतं, त्यामुळे पोस्टमनने ते आधी एस. टी. स्टँडवर चार जणांना दाखवलं आणि मग मला दिलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मुरबाडात मी परदेशात नोकरीला लागलो होतो.

अजून नुसती मुलाखत आहे, हे मी जीव तोडून सांगत होतो. पण संस्थेच्या अध्यक्षांची अडचण वेगळी होती. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, मग त्यांना एकही दिवस मोकळा नव्हता. म्हणून माझा निरोप समारंभ मुलाखतीच्या आधीच्या शनिवारी उरकून घ्यायचं ठरलं. शाल, श्रीफळ आणि स्टाफतर्फे चाकांची एक भलीमोठी सुटकेस. अध्यक्ष भाषणात म्हणाले, "मुरबाडला रेल्वे काय आली नाय, पण मुरबाडचा मास्तर विमानानं चाललाय." टाळ्या थांबेनात. मीही सगळ्यांचे आभार मानले, पोरांना नीट अभ्यास करा म्हणून सांगितलं. हार गळ्यात असताना नोकरी मिळालेली नाही, हे मलाच आठवेना.

घरी आल्यावर बायकोने सुटकेस उघडून आत बघितलं. "नोकरी नाय मिळाली तर तोंड लपवायला बरी हाय," ती म्हणाली. "अख्खे मावाल तुमी."

मला ती नोकरी खरोखर हवी होती. माझं इंग्रजी इथे वाया जातंय, असं मला मनापासून वाटायचं. पुस्तकात एक विनोदी धडा होता. छत्र्या विकणारा एक माणूस भर पावसात भिजत घरी जातो, कारण उघडली तर छत्री जुनी होईल. नऊ वर्षं मी तो शिकवत होतो. पद्धत ठरलेली. एक वाक्य इंग्रजीत वाचायचं, तेच मराठीत सांगायचं, मग "कळलं?" असं विचारायचं. वर्ग एका सुरात "हो सर" म्हणायचा की पुढचं वाक्य. नऊ वर्षांत त्या धड्याला एकदाही कोणी हसलं नव्हतं. आपल्या पोरांना विनोदाचं अंगच नाही, असा निष्कर्ष मी काढून ठेवला होता. त्यातून शेवटच्या बाकावर डोळखांबच्या बाजूच्या आदिवासी पाड्यावरून आलेल्या दोन मुली बसायच्या. मी मराठी सांगू लागलो की त्यांची कुजबुज सुरू. त्यातली जी बोलायची, तिला मी दोन वर्षं आठवड्यातून तीनदा तरी बाहेर उभं करत होतो.

मुलाखत मुंबईच्या एका हॉटेलात होती. समोर तिघं जण. दहा मिनिटं आवडीचा धडा शिकवा, असं त्यांनी सांगितलं. मी छत्रीवाला काढला. पहिलं वाक्य खणखणीत आवाजात वाचलं आणि तोंडाने आपोआप तेच मराठीत सांगून टाकलं. वर विचारलं, "कळलं?" हो सर म्हणायला कोणी नव्हतं.

डोक्याला रुमाल बांधलेल्या एक बाई मधे बसल्या होत्या. तिथल्या मुलांना मराठी येणार नाही, असं त्यांनी सौम्यपणे सांगितलं. मी मान डोलावली, दुसरं वाक्य वाचलं, पुन्हा मराठी. तिसऱ्यांदा मी ओठ घट्ट मिटले. मग मात्र सांगण्यासारखं काही उरलंच नाही. नुसतं वाचत सुटलो आणि धडा तीन मिनिटांत संपला. तिघांच्या चेहऱ्यावर सभ्य, कोरा भाव होता. हे तोंड आपण कुठेतरी बघितलंय असं वाटलं, पण आठवेना.

"तुम्ही मुलांना गोष्ट सांगत नाही का?" बाईंनी विचारलं. विचारलं अर्थातच इंग्रजीत. मी अजूनही भाषांतरच करतोय.

नकार पंधरा दिवसांत आला. ह्या वेळी पाकीट पोस्टात जाऊन मीच आणलं. "कधी निघताय?" असं जो तो विचारी आणि मी म्हणे, "व्हिसा व्हायचाय." व्हिसा म्हणजे काय, हे फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणून तो चांगला महिना-दीड महिना टिकला.

जानेवारीत वर्गात छत्रीवाला आला. मी वाचलं, मराठीत सांगितलं, मागे कुजबुज सुरू झाली. "बाहेर हो" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दुसऱ्या मुलीच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. सभ्य आणि कोरा. हॉटेलातला.

बोलणारी मुलगी सवयीने वही घेऊन दाराकडे निघाली होती. मी तिला थांबवून विचारलं, काय बोलत असता गं तुम्ही?

"सर, हिला तुमचं मराठी कळत नाय," ती म्हणाली. "मी हिला आमच्यात सांगते."

मी म्हटलं, मोठ्याने सांग. तिने उभ्या उभ्या सगळी गोष्ट त्यांच्या बोलीत सांगितली. मला निम्मीच कळली. ती छत्रीपाशी आली आणि मागची तीन बाकं खदखदून हसली. एकीने तर बाकावर डोकं टेकलं. मी पुस्तक उघडं धरून नुसता उभा होतो. मला फार लाज वाटली.

हसू ओसरल्यावर तिनेच विचारलं, "सर, तुमी कधी जाणार?" निरोपाला तिनेही मला रानातली फुलं आणून दिली होती.

"नाही जाणार. मला घेतलं नाही," मी म्हणालो. "मला शिकवता आलं नाही."

"हो सर" कोणी म्हणालं नाही. ती मैत्रिणीकडे वळली आणि हेही तिला त्यांच्या बोलीत सांगू लागली. ते मात्र मला शब्दन् शब्द कळलं.