मुरुमच्या आभाळाखालचा समुद्र

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत न्हाय, पण ते स्टुडिओच्या पाटीवर फूटभर अक्षरात लिहिलेलं हाय, तेव्हा सांगते: रुद्रेश. आमच्या मुरुम गावात त्यांना फोटोग्राफर म्हणून कमी आणि आभाळवाले म्हणून जास्त ओळखतात. लग्न असो, बारसं असो, मंडपामागं ढग आला की ह्यांचा कॅमेरा माणसांवरून उठलाच. एका लग्नात अक्षता पडल्या तेव्हा ह्यांनी टिपली ती मंडपामागची वीज. आणि वर तीच नवरीच्या बापाला दाखवतात, बघा कशी फुटलीय. तो काय बोलला ते मी सांगत न्हाय, घरात लेकरं हायत.

ह्या खुळाला गिऱ्हाईक मिळालं आणि तिथंच घात झाला. कोकणात समुद्राकाठच्या एका गावात लॉज चालवणाऱ्या माणसानं ह्यांचे ढग फोनवर बघितले आणि कॅलेंडरसाठी मागवले. समुद्र त्याच्याकडं होता. वादळंही यायची, पण वादळ आलं की तिथली शहाणी माणसं दारं लावून घरात बसायची, फोटो काढत न्हवती. मग ठरलं, खाली त्यांचा समुद्र आणि वर आमचं आभाळ. बंदर, होड्या, नारळी, आणि त्यांच्या डोक्यावर मुरुमच्या रानावर आलेला काळाकुट्ट वळीव. मे महिन्याच्या पानावर तर समुद्रावरून विजेची तार गेलीय. ती आमच्या मार्केट यार्डाची, पुसायची राहिली. समुद्र ह्यांनी जन्मात बघितलेला न्हाय, पण चहाच्या टपरीवर भरती-ओहोटीवर असं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, होडीतच जन्मलेत.

सासूला आमच्याकडं अत्ती म्हणतात. माझ्या अत्ती, शांतम्मा, उभा जन्म स्टुडिओच्या मागच्या खोलीत राहिल्या आणि त्यांचा एक धड फोटो न्हवता. लग्नातला वाळवीनं खाल्ला. आधार कार्डावर डोळे मिटलेले, ते कसं चाललं देव जाणे. कुणी मोबाईल धरला की पदर तोंडावर. फोटोग्राफरची बायको मी, फोटोग्राफरची आई मी, कुणाच्याबी मोबाईलसमोर बसू व्हय, असा तोरा. त्यांना एकच फोटो पाहिजे होता, जित्तेपणी काढलेला आणि लेकाच्या हातचा.

त्याला कारणही होतं. आमच्यात गेलेल्या माणसाला पुरायच्या आधी मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, हार घालतात आणि तसाच फोटो काढतात. जित्तेपणीचा फोटो नसला की हाच फ्रेममध्ये जातो, आणि मिटल्या डोळ्यांच्या जागी फोटोग्राफर उघडे डोळे काढतो. माझे सासरे शरणबसप्पा हे काम ब्रशनं करायचे, आमचे हे कॉम्प्युटरवर करतात. मुरुममधल्या निम्म्या घरांतल्या आज्या भिंतीवरून एकाच नजरेनं बघतात, कारण ते डोळे आमच्या दुकानातले हायत. अत्तींनी हे पन्नास वर्षं बघितलं होतं. लेकाला म्हणायच्या, "माझे डोळे तू काढायचे न्हाईत. उघडे हायत तवर फोटो काढ."

आईला हे अव्वा म्हणतात. म्हणायचे, काढू की. अव्वाचा फोटो असातसा काढायचा का? लाईट पाहिजे. अशी चार वर्षं लाईट आलीच न्हाय. आळंदकडून येणाऱ्या प्रत्येक ढगाला मात्र लाईट बरोबर मिळायची.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात अत्तींनी हट्टच धरला. सकाळी न्हाऊन हिरवं इरकल नेसल्या, मी वेणी घालून दिली, विभूतीची तीन बोटं नीट ओढली. दुपारी चारला गच्चीवर खुर्ची टाकली. हे कॅमेरा घेऊन आले, तिपाई लावली, आईकडं बघितलं, आणि आईच्या मागं बघितलं. मागं ढग उठत होता. मला तेव्हाच कळलं, आता मेलो आपण.

त्यांनी कॅमेरा वर वळवला. अत्ती बसल्या होत्या हात मांडीवर ठेवून, नजर कॅमेऱ्यात, पापणी हलवायच्या न्हाईत. दहा मिनिटं गेली, वीस गेली. वारा सुटला, पदर उडायला लागला, थेंब पडायला लागले. तरी त्या उठेनात, आपलाच फोटो चाललाय म्हणून. मग हे ओरडले, "अव्वा, जरा खाली वाक. डोकं ढगात यायलंय."

त्या वाकल्या. सत्तर वर्षांची बाई गुडघ्यात मान घालून बसली, लेकाचा ढग कापला जाऊ नये म्हणून. मी छत्री घेऊन वर गेले तेव्हा इरकल भिजून अंगाला चिकटलं होतं. मला असा राग आला होता की तो कॅमेरा गच्चीवरून खाली टाकावा. टाकला न्हाय, हेच चुकलं.

ते चित्र जून महिन्याचं पान झालं. एका फोटोत खालच्या कडेला अत्तींचा चेहरा आला होता, नीट, वाकायच्या आधीचा. ह्यांनी तो पुसला आणि तिथं समुद्र बसवला. मूळ फोटोही ठेवला न्हाय, डिस्कमध्ये ढगांनाच जागा पुरत न्हवती. दिवाळीत कॅलेंडर आलं तेव्हा आईला कौतुकानं दाखवलं, अव्वा, तू हितं होतीस, जिथं ही लाट हाय. अत्तींनी चष्मा लावून लाट बघितली. मग मला म्हणाल्या, "म्हणजे परत वेणी घालावी लागंल."

ती वेणी राहिली. यंदाच्या श्रावणात एका दुपारी झोपल्या त्या उठल्याच न्हाईत. रीतीप्रमाणं बसवलं, हार घातले, भजन सुरू झालं. फोटो ह्यांनीच काढला. त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं आणि लाईट, ह्यांच्या भाषेत, एकदम बरोबर होती.

पाचव्या दिवशी हे डोळे काढायला बसले. लोकांच्या आयांचे डोळे अर्ध्या तासात उघडणारा माणूस, सकाळपासून दुपारपर्यंत बसून राहिला. दुकानातले ठेवणीतले डोळे लावून बघितले, त्यात गल्लीतली प्रत्येक म्हातारी दिसली, आई दिसेना. शेवटी मला हाक मारली.

"श्रीदेवी, अव्वाचा कुठला डोळा बारीक होता?"

मला म्हाईत होतं. डावा. रोज मी डोक्याला तेल लावताना अत्ती माझ्याकडं मान वर करून बघायच्या, ती पापणी जराशी खाली असायची, आणि त्या पापणीला बारीकसा चामखीळ होता. मला सगळं म्हाईत होतं. हे माझ्याकडं बघत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला त्यांची दयाही आली. पण अत्तींनी जन्मात एकच गोष्ट मागितली होती.

मी सांगितलं न्हाय. फोटो डोळे मिटलेलाच भिंतीवर लावलाय.