डीस्टेबिलाइझ, वाक्यात उपयोगासह

चाकणच्या आमच्या कंपनीत शिफ्ट सुरू होण्याआधी लाइनजवळ उभ्या उभ्या मीटिंग होते. तीत एक ट्रेनी फळ्यावर इंग्रजी शब्द लिहितो, अर्थ सांगतो आणि वाक्यात उपयोग करून दाखवतो. ही पद्धत प्लँटच्या साहेबांची. माझं ट्रेनिंग संपत आलं होतं. साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, काम चांगलं आहे, पण चार माणसांत तोंड उघडत नाहीस, तुला पर्मनंट कसा करू? आमच्या घरातला मी पहिलाच पदवीधर. पेढे कुठून आणायचे, हेसुद्धा आईने गावी ठरवून ठेवलं होतं.

माझ्या पाळीला शब्द आला ‘डीस्टेबिलाइझ’. नीट स्थिर असलेलं काही डळमळीत करणं. सरकार, बाजार, यंत्र, कशालाही चालतो. मी यंत्राच्या कंपनांवर एक छान वाक्य पाठ केलं आणि भोसरीहून शेअर रिक्षात तेच पुटपुटत निघालो. शेजारी आमच्याच पॅकिंगमधल्या मावशी होत्या. त्यांनी विचारलं म्हणून अर्थ सांगितला, तर सगळ्या रिक्षालाच चेव आला.

रिक्षावाले काका म्हणाले, “म्हंजी माझ्याशेजारी पुढं चौथा बसतो न् वळणावर हँडल धरतो, त्येच व्हय.”

पुढे बसलेल्याने हँडलवरचा हात गुपचूप काढला. मावशी म्हणाल्या, “साहेब राउंडला आले की आपली लाइन होते, तशी.”

चाकण येईपर्यंत हसून हसून पोट दुखायला लागलं.

फळ्यावर शब्द लिहिला, अर्थ सांगितला. वाक्याची वेळ आली आणि कंपनं गायब. डोक्यात रिक्षाच चालू होती. तोंडातून खणखणीत निघालं, “सर्स राउंड डीस्टेबिलाइझेस अवर लाइन.”

ज्यांना कळलं ते बुटांकडे बघायला लागले. ज्यांना नाही कळलं ते त्यांच्याकडे.

साहेबांनी विचारलं, “म्हणजे नक्की काय होतं?”

आता गप्प बसलो तर संपलंच. मग बोलतच सुटलो. तुम्ही गुपचूप मागे येऊन उभे राहता, सगळ्यांचे हात भराभर चालतात, पार्ट उलटे बसतात आणि पॅकिंगला ते परत निवडावे लागतात.

मागून मावशी म्हणाल्या, “खरंय साहेब. परवा अख्खी पेटी उपसली.”

कुणीतरी मास्कच्या आत फिसकन हसलं आणि ते हसू लाइनभर पसरलं. साहेबही हसले, पण सगळ्यांत शेवटी.

दुसऱ्या दिवशी साहेब समोरून, लांबूनच ओरडत आले, “डीस्टेबिलाइझ करायला येतोय, सावध राहा.” माझ्यापाशी थांबून म्हणाले, “तोंड उघडत नाहीस म्हणून अडलं होतं तुझं. आता ते कारणच उरलं नाही.”

जेवणाच्या सुट्टीत आईला फोन केला. पर्मनंट झालो, आणि कसा झालो, सगळं सांगितलं. तिने शब्दाचा अर्थ विचारला, तोही सांगितला.

“मग एवढं चांगलं चाललेलं हलवायला तुला सांगितलं कुणी?” असं म्हणून ती रागावली, आणि फोन तसाच चालू ठेवून पेढ्यांसाठी शेजारणीला हाका मारायला लागली.