मायसाठी घेतलेली गाडी आणि आसगावची चुंगडी

गाडी घेतली तेव्हा विचारेल त्याला मी एकच उत्तर दिलं: मायसाठी घेतली. भंडाऱ्याजवळच्या शहापूरसारख्या गावात हायवेला लागून घर असलं की पांढरी, उंच, नवीकोरी एसयूव्ही दारात लपत नाही, त्यामुळे उत्तर बऱ्याच जणांना द्यावं लागलं. ते खोटं नव्हतं. मायचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत, एसटीची पायरी तिला चढवत नाही, आणि तिची मोठी बहीण, आमची पारबता मावशी, पवनी तालुक्यात आसगावला राहते. तीन वर्षांत दोघींची भेट नव्हती. फक्त एवढंच की शोरूममध्ये मी चार वेळा गेलो आणि त्यात माय एकदाही सोबत नव्हती.

गाडीबद्दल वाचायला आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मधल्या आकाराची, पाच सीटची, डिझेल. गावातल्या रस्त्यांना पुरेल एवढा ग्राउंड क्लिअरन्स, आणि डिकीत तांदळाचे दोन कट्टे ठेवून वर बॅगा बसतात. घेतल्यावर पहिले दोन महिने मी तिला सजवण्यात घालवले. सीट कव्हर, जाड मॅट, खिडक्यांना वायझर, मागच्या काचांना जाळीचे पडदे, डॅशकॅम, छतावर रेल, डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती. सगळ्यात महाग पडले ते दोन्ही बाजूंचे साइड स्टेप, दाराखाली पाय ठेवायला लावतात त्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. तेही मायसाठीच. भंडाऱ्यातल्या दुकानदारानं स्वतः त्यावर उभं राहून दाखवलं होतं. त्याचं वय तिशीच्या आत असावं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. शोरूममधून आलेलं सीटवरचं प्लास्टिक मात्र मी पहिल्याच दिवशी काढून फेकलं. वर्षभर ते तसंच ठेवणाऱ्या लोकांना मी हसत आलोय.

दिवाळी झाली आणि मावशीच्या मुलाचा, प्रमोदचा, फोन आला. तो पुण्याला नोकरीला आहे, मळणीसाठी गावी आला होता. "धान मळून झाले का आईले पुण्याले घेऊन जातो, दादा. इथं एकटीनं होत नाई तिच्यानं. घर बंदच राहीन आता." फोन स्पीकरवर होता. माय वालाच्या शेंगा सोलत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण म्हणाली, "मले एकडाव भेटव." शनिवारी निघायचं ठरलं.

शहापूर ते आसगाव सत्तरेक किलोमीटर. सकाळी आठला गाडी अंगणात धुऊन उभी होती. माय काठी टेकत आली, दारापाशी थांबली आणि तिनं सीटकडे पाहिलं. सीट तिच्या कमरेच्याही वर होती. माय पाच फुटांनाही दोन इंच कमी आहे. साइड स्टेपवर तिनं उजवा पाय ठेवला, पण त्या गुडघ्यावर सगळा भार देऊन वर उठणं तिला जमेना. दुसऱ्यांदा डोकं दाराच्या चौकटीला लागलं. मग माझी बायको वैशाली आत बसून हात ओढायला लागली, मी खालून टेकू दिला, आणि शेजारचे निवृत्त गुरुजी काठी धरून "डावा पाय आधी, डावा!" असं मार्गदर्शन करू लागले. समोरच्या किराणा दुकानातून दोघं मदतीला धावले. उचललं आणि ठेवलं.

"मी काय धानाचं पोतं होय काय?" माय म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. लुगड्याचा काठ नीट करून ती खिडकीबाहेर पाहत बसली. गुरुजी म्हणाले, "गाडी मस्त आहे हो, एकदम ऐसपैस." मी त्यांना धन्यवाद दिले.

हायवेनं भंडारा, मग कारध्याचा वैनगंगेवरचा पूल ओलांडून पवनीचा रस्ता. पहेल्यापर्यंत रस्ता चांगला आहे, पुढे तुकड्यातुकड्यानं. या दिवसांत जाणार असाल तर एक सांगून ठेवतो: अर्धा रस्ता गाड्यांचा आणि अर्धा धानाचा असतो. लोक डांबरावर धान वाळत घालतात आणि कडेनं दगड मांडतात. तिथं हॉर्न वाजवून काही होत नाही, वेग कमी करून आपणच बाजूनं जायचं. तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या, ढिगावरून मात्र गाडी नेऊ नका, तणस खाली अडकून तापतं.

पहेल्याला चहाला थांबलो. "माय, उतरतेस?" "नाई." "चहा आणून देऊ इथंच?" "नको." वैशालीनं पाण्याची बाटली दिली, ती तिनं मांडीवर घेतली आणि झाकण न उघडता तशीच धरून ठेवली. मला वाटलं, रुसली असेल. अड्याळला आलूबोंडा फार चांगला मिळतो, वर तर्री ओतून देतात, वीस रुपयांत पोट भरतं. तिथंही ती उतरली नाही. मी गाडीला टेकून आरामात खाल्लं आणि दोन तरुणांना डॅशकॅमची माहिती दिली. एकानं विचारलं, "काका, अ‍ॅव्हरेज किती देते?" मी आकडा सांगितला. थोडा वाढवूनच सांगितला.

पवनीहून आत वळल्यावर चौरासचा सपाट मुलूख लागतो. नजर जाईल तिथवर कापलेल्या बांध्या (धानाची खाचरं) आणि मधूनमधून पुंजणे, म्हणजे मळणीसाठी रचून ठेवलेले धानाच्या पेंढ्यांचे ढीग. अकरा वाजता मावशीच्या दारात पोचलो. उतरायला फार त्रास झाला नाही, माय घसरतच खाली आली. मावशी ओट्यावर उभी होती. पाठीत वाकलेली, मायपेक्षा सहा वर्षांनी मोठी, डोक्यावर पदर. "जय भीम, मावशी," मी म्हणालो. तीन वर्षांनी भेटलेल्या बहिणीला ओलांडून माय काठी आपटत सरळ मागच्या अंगणातल्या संडासाकडे गेली. परत येऊन माठातलं दोन गडवे पाणी उभ्यानंच प्यायली, आणि मग बहिणीच्या गळ्यात पडून रडली.

तेव्हा मला कळलं. सकाळपासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. प्यायलं तर उतरावं लागेल आणि उतरलं तर पुन्हा चारचौघांनी उचलावं लागेल, म्हणून. आणि मी तिच्यासमोर आलूबोंडा खात लोकांना अ‍ॅव्हरेज सांगत होतो. मला माझी लाज वाटली. ब्लॉगवर असलं लिहीत नाहीत, पण वाटली.

जेवायला भात, लाखोरीच्या वड्यांची भाजी आणि नदीच्या झिंग्यांची चटणी होती. दुपारी दोघी बहिणी ओट्यावर पाय लांब करून बसल्या. मी आत खाटेवर पडलो होतो, तरी ऐकू येत होतं.

"बाई, मी आता त्या गाडीत बसत नाई," माय म्हणाली. थोरल्या बहिणीला ती बाईच म्हणते. "तू जाशीन तवा जाशीन. तवरोक मले राहू दे इथंच."

"काहून व? पोरानं इतकी मोठी गाडी घेतली तुह्यासाठी."

"मले उचलून टाकतेत. गल्ली पाहून राहते."

मावशी म्हणाली, "चढतं काहून तू? आपुन बंडीत कधी चढलो काय?"

बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. मी उठून बसलो.

"आठव ना. रोवण्याच्या दिसात बाबाची बंडी ओट्याले लागे. आपुन पाठ करून बसत होतो, मंग पाय आत घेत होतो. पोटुशी असताना बी तसंच. तू बैलगाडीवर बुड टेकवलं आन मोटारीत पाय घालून राहिली!"

मावशीनं मला हाक मारली. "बापू, तुही गाडी आन इकडं. ओट्याले लाव."

ओटा फूटभर उंच, दगडी. गाडी त्याला समांतर लावायला तीनदा मागेपुढे करावी लागली, कारण मध्ये साइड स्टेप येत होता. शेवटी तो दगडाला घासला. अ‍ॅल्युमिनियम दगडावर घासल्याचा आवाज मला आजही आठवतो. प्रमोदनं मागचं दार उघडलं. आधी मावशी स्वतः उभी राहिली. गाडीकडे पाठ, दोन्ही हात मागे, आणि सीटच्या कडेवर टेकली. इथवर झकास. पण आत सरकता येईना, माझी सीट कव्हरं कापडी, चांगल्या प्रतीची, लुगडं धरून ठेवणारी.

"प्रमोद, चुंगडी आन."

चुंगडी म्हणजे धान भरायचं प्लास्टिकच्या धाग्यांचं पोतं. रिकामी, धुतलेली, घडी केलेली चुंगडी सीटवर पडली. मावशी तिच्यावर बसली, दोन्ही पाय जुळवले आणि कुणाचाही हात न धरता गिरकी घेतल्यासारखी आत वळली. आतून म्हणाली, "ये व आता. दुसऱ्या दरवाज्यानं नको, इकडूनच ये. मी सरकतो." आमच्या झाडीपट्टीतल्या बायका बोलताना असं "सरकतो, जातो" म्हणतात, नवख्यांना गंमत वाटते.

मायनं काठी माझ्या हातात दिली. ओट्यावर पाठमोरी उभी राहिली, मागे न पाहता टेकली, थांबली, श्वास घेतला आणि वळली. मी हात पुढे केला होता, तो तिनं बाजूला सारला. आत बसल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाहून काय राहिला? चाल ना."

कुठं जायचं ते त्यांनी ठरवलं. गावाबाहेर मावशीच्या बांध्या आहेत आणि त्यांच्या डोक्याशी एक बोडी, लहानसा तलाव. तिच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, मळणीयंत्र चालू होतं. दोघींनी खाली उतरायचं नाव काढलं नाही. दोन्ही दारं उघडी टाकून त्या मागच्या सीटवर बसल्या आणि तासभर फक्त पाहत राहिल्या. भुसा उडून आत येत होता, मॅटवर, कव्हरांवर, बुद्धाच्या मूर्तीवर. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू दे.

सायकलवरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं थांबून विचारलं, "कोनाची गाडी व, पारबताबाई?"

"आमची होय," मावशी म्हणाली. "दोघी बहिनीची."

रात्री तिथंच राहिलो. रविवारी जेवण करून निघताना मावशी पुन्हा गाडीत बसली, गावाच्या पारापर्यंत पोचवते म्हणाली. पारही ओट्याएवढाच उंच, तिथं ती पाय बाहेर काढून आरामात उतरली. प्रमोद तिला न्यायला चालत आला होता. मायनं तिच्यासाठी आणलेलं नवं लुगडं पिशवीतून काढून दिलं. मावशीनं ते काखेत धरलं आणि सीटवरच्या चुंगडीकडे बोट दाखवून म्हणाली, "थे ने. मले पुण्यात कोन बंडीत बसवते?" माय हसली नाही. गाडी हलली तरी काचेवर हात ठेवून मागे पाहत होती, पार दिसेनासा होईपर्यंत.

परतीच्या वाटेवर अड्याळ आलं तसं माय म्हणाली, "थांबव. चहा पितो मी." चहाच्या टपरीला सिमेंटचा कट्टा होता. मी गाडी त्याला लावली. साइड स्टेप आणखी एकदा घासला. मायनं चहा घेतला, अर्धा आलूबोंडा खाल्ला, टपरीवाल्याच्या बायकोला संडास कुठं ते विचारलं, आणि आपली आपण परत येऊन बसली.

आता हिशेब, म्हणजे काय उरलं त्याचा. डॅशकॅम ठीक आहे. रेल शोभेचे आहेत, त्यांवर अजून काहीच बांधलं नाही. जाड मॅट घ्या, पण ती घाण होऊ द्यायची तयारी असेल तरच. डावीकडचा साइड स्टेप मी काढून टाकला आणि पोर्चच्या कडेला फूटभर उंच कट्टा बांधून घेतला. गवंड्यानं विचारलं, हा कशासाठी? मी म्हटलं, गाडीची अ‍ॅक्सेसरी आहे. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर शोरूममध्ये पहिल्या दिवशी त्यालाच घेऊन जा, रंग नंतर बघा.

प्रमोद डिसेंबरात मावशीला घेऊन गेला. आसगावच्या घराला कुलूप आहे.

मागच्या आठवड्यात मी कामावरून आलो तर माय घरात नव्हती. काठी कट्ट्याला टेकवून ठेवलेली दिसली. गाडीचं मागचं दार लावलेलं होतं, काच खाली, आणि माय आत चुंगडीवर बसली होती. दुसऱ्या बाजूची सीट तिनं पदरानं पुसून रिकामी ठेवली होती.

"माय, कुठं जायचं काय?"

"नाई," ती म्हणाली. "बसली बाप्पा अशीच."

मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलो. गाडी सुरू केली नाही. आरशात मागे पाहिलं, तिच्या मांडीवर तीच पाण्याची बाटली होती. झाकण उघडं होतं आणि बाटली अर्ध्याच्या वर रिकामी झाली होती.