मच्छरचाचांची मिस्किटो

शेजारचे चाचा लिफ्टपाशी उभे राहून "कैसा" म्हणाले, की नवखा माणूस "ठीक है, चाचा" असं उत्तर देऊन जागीच थांबायचा. चाचा गोंधळून त्याच्याकडे बघत राहायचे आणि तेवढ्यात लिफ्ट निघून जायची. ते खुशाली विचारतच नव्हते. त्यांच्या सुनेच्या भाषेत 'कैसा' म्हणजे 'चला'. आपण इथे आखातात अरबी 'यल्ला' म्हणतो तसं.

ती भाषा मिस्किटो. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि होंडुरासच्या किनाऱ्यावरचे लोक ती बोलतात. आमच्या अजमानच्या इमारतीत ते नाव कुणाला धड ऐकूच आलं नाही. चाचा वॉचमनला कौतुकाने म्हणाले, "अब हमारे घर में मिस्किटो चलती है." त्याने दुसऱ्याच दिवशी फवारणीवाला पाठवला. तेव्हापासून ते मच्छरचाचा झाले. "मच्छर तर मच्छर, बाय," ते मला म्हणाले, "नाव लक्षात तरी राहील."

चाचा मूळचे श्रीवर्धनचे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झाले. चाची आधीच गेल्या होत्या. मुलगा इरफान प्रवासी जहाजावर नोकरीला होता, तिथे त्याची एल्माशी गाठ पडली. लग्न करून दोघं अजमानला आली आणि चाचांचं बोलणंच आटलं. मुलगा-सून आपसात इंग्लिश बोलत. चाचांचं शिक्षण मराठी शाळेतलं, इंग्लिश कारखान्यापुरतं. "इंग्लिश तिचंही नाही, माझंही नाही," ते म्हणायचे. "दोघं उसन्या भाषेत किती बोलणार?"

मग तिलाच शिकवायला सांगा ना, असं मी म्हटलं. चाचांनी मान हलवली. "सासऱ्याचा मान ठेवते ती. माझं चुकलेलंही बरोबर म्हणते. तू कॉम्प्युटरवर बघ, कुणीतरी लिहून ठेवलं असेल."

लिहून ठेवलं होतं, तिथूनच आमचा गोंधळ सुरू झाला. मला सापडल्या त्या जुन्या पुस्तकांतल्या शब्दांच्या याद्या. त्या किनाऱ्यावर उतरलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांनी आणि प्रवाशांनी कानाला येईल तसे शब्द टिपलेले. पुढे जर्मन मिशनऱ्यांनी त्यांना जरा शिस्त लावली होती. एकच शब्द दोघांनी दोन तऱ्हेने लिहिलेला, आणि तिसऱ्याने त्याला अर्थच वेगळा दिलेला. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी वाचायचे आणि चाचा देवनागरीत चिठ्ठ्या करून फ्रिजवर, दारावर, मसाल्याच्या डब्यांवर चिकटवायचे. एल्माला देवनागरी येत नव्हती. आपल्याच भाषेने भरलेल्या स्वयंपाकघरात ती काहीच न कळता वावरायची.

"हे सगळे एकाच किनाऱ्यावर उतरले ना?" चाचा एकदा वैतागून म्हणाले. "मग कान वेगवेगळे कसे?"

सर्वात जास्त छळलं घराने. एका यादीत घराला 'उत्ला' होतं, दुसरीत 'वात्ला'. कुणीतरी चुकलंय हे चाचांनी ठरवून टाकलं, पण कोण ते ठरेना. शेवटी जेवताना त्यांनी दोन्ही शब्द सुनेपुढे ठेवले. एल्मा आधी चमकली, मग इरफानला इंग्लिशमध्ये काहीतरी समजावू लागली. इरफानने सांगितलं, "अब्बा, दोन्ही बरोबर आहेत. नुसतं घर असलं की उत्ला. अमक्याचं घर म्हणायचं झालं की वात्ला."

"मग हे आपलं अजमानचं?"

"हे भाड्याचं आहे, अब्बा."

एल्माला प्रश्न कळला असावा. "वात्ला," ती म्हणाली आणि त्यांच्या ताटात भात वाढला.

पुढे ती दोघं खरंच बोलू लागली. अडखळत, पण बोलू लागली. एल्मा मला हसत सांगायची, "चाचा आमच्याकडच्या एखाद्या खापरपणजोबासारखं बोलतात. त्यांचे काही शब्द मी फक्त चर्चमध्ये ऐकलेत, काही तर कुठेच नाहीत."

मग एका सकाळी चाचांना अर्धांगवायूचा झटका आला. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आले तेव्हा मराठी गेली होती, हिंदी गेली होती. 'इन्शाल्ला' राहिलं होतं, आणि मिस्किटोतले थोडे शब्द. ते "ली, ली" म्हणत राहिले. नर्सने इरफानला विचारलं, ही कुठली भाषा? इरफान एल्माकडे वळला. एल्माने पुढे होऊन पाणी पाजलं. ली म्हणजे पाणी.

त्यानंतर इरफानला वडिलांचं बोलणं बायकोकडून समजून घ्यावं लागायचं. कॉरिडॉरमध्ये तो मला म्हणाला, "ताई, अब्बा माझ्याशी मराठीत का बोलत नाहीत? मी काय केलं?" डॉक्टरांनी त्याला कारण सांगितलं होतं. पण त्याला ते उत्तर नको होतं.

शेवटच्या दिवसांत चाचा एकच शब्द म्हणायचे, खिडकीकडे बघत. तो एल्मालाही कळेना. काही हवंय का, कुणाला बोलवायचंय का, काही दुखतंय का, तिने सगळं विचारून पाहिलं. मी साऱ्या याद्या पुन्हा चाळल्या. जवळपासचे दोन शब्द मिळाले, एकाचा अर्थ वारा, दुसऱ्याचा झोप. खिडकी उघडली, मग पडदा लावला. चाचा तो शब्द म्हणतच राहिले. त्याच आठवड्यात ते गेले. आम्ही त्यांना काय दिलं नाही, हे आम्हाला आजही माहीत नाही.

दफन झाल्यावर काही दिवसांनी एल्माने गावी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आम्ही समोरच बसलो होतो. तिने म्हाताऱ्या मावशीला तो शब्द विचारला. मावशीने तो दोन-तीनदा म्हणून पाहिला. मग मावशी जे बोलली ते एल्माने आम्हाला सांगितलं. मावशीची आजी हा शब्द वापरायची. अर्थ मावशीला आता आठवत नव्हता. तिलाच उलट विचारायचं होतं, की तुला हा कुणी शिकवला?

"माझ्या सासऱ्यांनी," एल्मा म्हणाली. "ते इंडियाचे होते." हे वाक्य तिला दोनदा सांगावं लागलं.

मी तिला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला आणि लिहून घ्यायला बसले. पहिल्याच अक्षराला अडले. एल्मा म्हणते तो वेगळा वाटतो, फोनवर मावशीने म्हटला तो वेगळा वाटला, आणि चाचांचा तर अर्ध्या जिभेने म्हटलेला. यांतला कुठला लिहू? मी पेन खाली ठेवलं. एल्मा मात्र तो शब्द हळूहळू म्हणत राहिली, आणि तिच्या शेजारी बसून इरफानही म्हणू लागला.