चूक पायाची नव्हती

"गाडी ठीक आहे हो. हीच ब्रेकवर पाय ठेवून चालवते," सामंतसाहेब म्हणाले. मॅडम शेजारीच उभ्या होत्या.

मी तेव्हा नोएडातल्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस इन्चार्ज होतो. सामंत दिल्लीत मयूर विहारला राहायचे, केंद्र सरकारी नोकरीत. मी मराठी, म्हणून गाडी आमच्याकडेच यायची. तक्रार अशी की थोडा वेळ चालवली की स्टिअरिंग थरथरतं आणि गाडी डावीकडे ओढते. पण फक्त मॅडम चालवत असताना.

साहेबांची बदली झाली होती. महिन्याभरात ते जाणार. मॅडम आणि सासूबाई दिल्लीतच राहणार. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागे, त्यासाठी मॅडम पन्नाशीत ड्रायव्हिंग शिकल्या होत्या. साहेबांचं मात्र ठरलं होतं. या वेळी काही निघालं नाही तर गाडी विकायची.

"कॅबने जा यार. कशाला टेन्शन?" ते मॅडमना म्हणाले.

थरथर म्हटली की आधी व्हील बॅलन्सिंग बघतात, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे ना ते. ते बरोबर होतं. मग साहेबांना शेजारी बसवून मी सेक्टरला दोन चकरा मारल्या. गाडी लोण्यासारखी चालली. जॉबकार्डवर लिहिलं, 'नो प्रॉब्लेम फाउंड'. खरं सांगायचं तर मलाही साहेबांचंच पटलं होतं.

किल्ली हातात घेऊन मॅडम तिथेच थांबल्या.

"तुम्ही चालवलीत, यांना विचारलंत. मला कुणी काही विचारलंच नाही. आता मी चालवते, तुम्ही बसा."

"अगं, त्यांना कामं आहेत," साहेब म्हणाले.

"अर्धा तास. बिल्कुल जास्त नाही."

बसलो. त्यांच्या रोजच्या रस्त्याने, भर ट्रॅफिकमध्ये. मी रस्ता सोडून त्यांच्या पायाकडेच बघत होतो. ब्रेक दाबायच्या, सोडायच्या. पाय एकदाही रेंगाळला नाही. वीसेक मिनिटांनी जळका वास आला आणि पुढे रस्ता मोकळा मिळताच स्टिअरिंग थरथरू लागलं. मॅडमनी माझ्याकडे फक्त एकदा बघितलं.

परत आल्याबरोबर चाकांजवळ हात नेऊन बघितला. पुढचं डावं चाक तव्यासारखं तापलं होतं. आमच्या मेकॅनिकने, इरफानने, जॅक लावला.

"सर, ये पहिया तो घूम ही नहीं रहा!"

चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, ती डिस्क. ब्रेक दाबला की कॅलिपर नावाचा चिमटा तिला धरतो, पाय काढला की सोडतो. हा चिमटा दोन पिनांवर सरकतो. त्यातली एक पिन जाम होती, त्यामुळे चिमटा पुरता सुटतच नव्हता. डिस्क घासून तापायची, वाकडी व्हायची आणि स्टिअरिंग हलवायची. साहेब रविवारी रिकाम्या रस्त्यावर थोडंसं चालवायचे. तेवढ्यात ती तापतच नसे. माझ्या दोन चकरांचंही तेच.

इरफानने पिन काढली. तिच्यावरचं रबर फुगलं होतं. या पिनांना वेगळं ग्रीस लागतं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. आमच्याकडे दाराच्या बिजागरीपासून सगळ्याला एकच डबा. मी मागच्या सर्व्हिसचं जॉबकार्ड काढलं. 'ग्रीसिंग ओके', खाली माझी सही.

फार लाज वाटली. पण सांगणं भाग होतं.

"मॅडम, तुमचा पाय बरोबर आहे. चूक आमच्या ग्रीसची. आणि तुमचं न ऐकण्याची चूक माझी."

"अच्छा," सामंतसाहेब म्हणाले आणि फोन बघू लागले.

"त्यांना ऐकू आलं नसेल," मॅडम म्हणाल्या. "जरा मोठ्याने सांगा."

मी मोठ्याने सांगितलं. पिन, रबर, ब्रेक पॅड आणि डिस्क बदलून दिली. गाडी विकली गेली नाही. पुढच्या सर्व्हिसला मॅडम एकट्याच आल्या, मागच्या सीटवर सासूबाईंना घेऊन.

पिनांच्या ग्रीसचा डबा त्याच आठवड्यात वेगळा केला. टेस्ट ड्राइव्हचा नियमही बदलला: ज्याची तक्रार, गाडी त्यानेच चालवायची. आपण शेजारी बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं.